डाव्या बाजूचा अंदाज

आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात, दुकानात, नाहीतर नात्यागोत्यात असा एक माणूस असतोच, ज्याला दुसऱ्यांच्या लढतींचे निकाल आधीच ठाऊक असतात. कोण जिंकणार, कोण आपटणार, कुठल्या फेरीत आपटणार, हे तो चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून मोकळा होतो. आणि आपणही कान टवकारून ऐकतो. खरं की नाही?

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारे आपले हे गृहस्थ त्यातलेच. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायच्या, कानामागची काडी गरम करून वाकवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एमएमएच्या लढती बघायच्या. एमएमए म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, गळा आवळणं, सगळं एकाच पिंजऱ्यात. आमच्या गृहस्थांनी आयुष्यात कधी कुणाला साधा धक्काही मारला नव्हता; पण पिंजऱ्यातल्या माणसाचं पाऊल पुढे पडलं की मागे, यावरून त्याची कुंडली मांडण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. दर आठवड्याला दुकानाच्या मागच्या खोलीत मोबाईल उभा करून ते येणाऱ्या लढतींचे अंदाज सांगत आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकत. अंदाज बरेचदा खरे ठरत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं 'अंदाजशास्त्री', आणि पुढे नुसतं 'शास्त्री'. बघणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती, आणि तिच्याबरोबर शास्त्रींची मानही ताठ होत चालली होती.

त्या आठवड्यात लढत होती ती त्यांच्याच शहरातल्या पोराची. पोर कसला, चांगला तिशीचा बाप्या. दिवसा फर्निचरच्या गोदामात कपाटं उचलायचा, संध्याकाळी तालमीत घाम गाळायचा. हातांच्या ताकदीमुळे सगळे त्याला 'हातोडा' म्हणत. ही लढत जिंकली की मोठ्या संघटनेचा करार मिळणार, असं बोललं जात होतं. सारं शहर त्याच्या बाजूचं. आणि शास्त्रींनी मात्र व्हिडिओत चुटकी वाजवून सांगितलं:

"हातोडा दुसऱ्या फेरीत झोपणार! डावीकडून येणारी लाथ त्याला दिसणारच नाही. लिहून ठेवा!"

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. कुणी शिव्या घातल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तर हातोड्याच्या प्रतिस्पर्ध्यानेच तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि वर लिहिलं, "धन्यवाद, शास्त्री! डावी बाजू लक्षात ठेवतो."

ते वाचून शास्त्री आधी हसले. चक्क एका लढवय्याने आपलं नाव घेतलं! मग काय झालं कुणास ठाऊक, हातातली काच पुसता पुसता त्यांचं हसू मावळलं.

दुपारी दुकानात एक बाई आली. हातात फ्रेम नाही, डॉक्टरचा कागद नाही. केसांना तेल आणि शाम्पू यांचा मिसळलेला वास. ती नुसतीच काउंटरपाशी उभी राहिली.

"शास्त्री तुम्हीच ना?"

"हो. बोला, चष्मा करायचाय?"

"मी हातोड्याची बायको. पलीकडच्या सलूनमध्ये केस कापते."

शास्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ही आता चार लोकांत तमाशा करणार, असं त्यांना वाटलं. ते घाईघाईने म्हणाले, "हे बघा वहिनी, तो आपला खेळातला अंदाज. मनावर घेऊ नका. तुमचे मिस्टर जिंकले तर मीच पेढे..."

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की शास्त्रींना पुढे वाकावं लागलं. "मला फक्त विचारायचंय, तुम्हाला काय दिसलं? तुम्ही म्हणालात, डावीकडची लाथ त्याला दिसणार नाही. 'चुकवता येणार नाही' असं नाही म्हणालात. 'दिसणार नाही' म्हणालात."

शास्त्री काउंटरवरची फ्रेम उगाच सरळ करू लागले.

"हल्ली तो पाणी ओततो ते ग्लासाच्या बाहेर पडतं," ती सांगू लागली. "दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. विचारलं की म्हणतो, दमलोय. परवा मी डावीकडून हाक न मारता जवळ गेले तर असा दचकला, की माझ्याच काळजात धस्स झालं. तुम्ही रोज लोकांचे डोळे बघता. सांगा ना, काही आहे का?"

आता खरं सांगायचं तर शास्त्रींना दिसलं होतं. सरावाच्या व्हिडिओंमध्ये हातोडा डावीकडचं काही बघायला सगळी मान वळवत होता. प्रशिक्षकाचा डावीकडून आलेला हात त्याला उशिरा कळत होता. चष्म्याच्या काउंटरवर अशी मान वळवणारी माणसं शास्त्रींनी कितीतरी पाहिली होती, आणि प्रत्येकाला त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळलं होतं. मग यालाच का नाही? कारण तो काउंटरच्या पलीकडे नव्हता, पडद्यावर होता.

पण ते सारं कबूल करायचं म्हणजे? शास्त्री म्हणाले, "नाही हो. जुन्या लढतींवरून काढलेला आडाखा. काळजी करू नका."

"बरं," एवढंच म्हणून ती निघून गेली. शास्त्रींना मात्र दिवसभर एकही फ्रेम धड वाकवता आली नाही. एकीची काडी तर मोडलीच.

घरी त्यांची आत्या होती. सार्वजनिक जलतरण तलावावर तिने जीवरक्षक म्हणून हयात घालवली होती. आता निवृत्त होऊन पाण्याला घाबरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोहायला शिकवत होती. तिच्यासमोर तोंड लपवणं अवघड. पाण्याखालची हालचाल ओळखणारी बाई ती, ताटावरचा चेहरा काय ओळखणार नाही?

"जेवण पानात चिवडतोयस. बोल," ती म्हणाली.

शास्त्रींनी आढेवेढे घेतले, मग भडाभडा सगळं सांगून टाकलं. वर पुस्ती जोडली, "पण आत्या, मी काही डॉक्टर नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल. आणि त्याचा प्रशिक्षक आहे, तपासणारे आहेत. सगळ्यांना सोडून मीच कशाला नाक खुपसू?"

आत्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगी तलावात हात वर करत होती. काठावर गर्दी. एक म्हणतो, मस्करी करतेय. दुसरा म्हणतो, नाही, दमलीय, आता कडेला येईल. अगदी रंगात येऊन चर्चा चालली होती. मी पाणी प्यायला आत गेले होते. बाहेर आले, उडी मारली, तिला काढली. वाचली ती. पण त्या काठावरच्या लोकांचे चेहरे मी विसरले नाही रे. वाईट नव्हते ते. बघत होते आणि अंदाज करत होते, बास."

"मग मी काय..."

"तुला तर गर्दीपेक्षा जास्त दिसलं! आणि ते तू कुणाला सांगितलंस? सगळ्या जगाला. त्याला लाथ मारणाऱ्यालासुद्धा. फक्त ज्याचा डोळा आहे, त्याला सोडून!"

शास्त्रींनी ताट बाजूला सरकवलं. "त्याच्या बायकोशी मी खोटं बोललो," ते शेवटी पुटपुटले.

"मग आता तिच्या नवऱ्याशी खरं बोल," आत्या म्हणाली. "लढत कधी आहे?"

"उद्याचा दिवस सोडून."

"म्हणजे उद्याचा दिवस आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानातून रजा घेऊन शास्त्री तालमीकडे निघाले. रस्ताभर पाय मागे ओढत होते. माझा अंदाज चुकला तर? मी एका माणसाची आयुष्यभराची संधी फुकट घालवली तर? आणि बरोबर निघाला तर? दोन्ही विचार सारखेच नकोसे वाटत होते.

तालमीत रबरी गाद्यांचा आणि घामाचा वास कोंदला होता. शास्त्रींना बघताच हातोड्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"या, भविष्यवाले! झोपायला उशी आणलीत का माझ्यासाठी?"

आजूबाजूचे खो खो हसले. शास्त्रींचे कान तापले. "तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय."

"जगासमोर बोललात ना? मग इथेही सगळ्यांसमोर बोला."

बरोबरच होतं त्याचं. शास्त्रींनी प्रशिक्षकाकडे पाहिलं, मग हातोड्याकडे. "तुमच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाहीये, असं मला वाटतं. सरावात मार लागला होता का? डोळ्यापुढे चमका येतात? कडेने काळा पडदा आल्यासारखं होतं?"

हातोड्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो उसळला. "महिन्याभरापूर्वी तपासणी झालीय माझी! पास झालोय! तुमचा अंदाज खरा करायला मला घाबरवताय होय? चालते व्हा!"

"मी जातो," शास्त्री म्हणाले. "फक्त उजवा डोळा झाका आणि माझी बोटं मोजा. बरोबर सांगितलंत तर आजच कॅमेऱ्यासमोर तुमची माफी मागतो."

प्रशिक्षक पुढे आला. "झाक रे. होऊन जाऊ दे. तोंड बंद कर याचं."

हातोड्याने तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. शास्त्रींनी त्याच्या डाव्या बाजूला हात धरला.

"किती?"

"दोन."

प्रशिक्षक दचकून शास्त्रींच्या हाताकडे बघू लागला. शास्त्रींनी हात बदलला. "आता?"

"तीन."

कुणीच हसलं नाही. शास्त्रींची मूठ दोन्ही वेळा बंद होती.

"आता?" शास्त्रींनी पुन्हा विचारलं.

"चार... नाही, दोन..."

"अंदाज नको!" शास्त्री एकदम ओरडले. असा आवाज आपल्याला आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "अंदाज मी फार सांगितले. तुम्ही सांगू नका. दिसतं ते सांगा!"

हातोड्याचा तळवा हळूहळू खाली आला. एवढा दांडगा गडी, पण गादीवर मटकन बसला. "काही दिसत नाही," तो म्हणाला. "नुसती सावली. सरावात कोपर लागलं, तेव्हापासून. वाटलं, एवढी लढत होऊ दे, मग बघू."

प्रशिक्षकाने हातातला टॉवेल भिरकावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्यासमोर रोज सराव करत होता," तो एवढंच म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. डोळ्यामागचा पडदा सुटत चालला होता. त्या बाजूला आणखी एक जोराचा फटका बसला असता तर डोळा कायमचा गेला असता, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली. सगळी नजर परत आली नाही. पण बरीच आली. पिंजऱ्यात मात्र पुन्हा उतरायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

लढत रद्द झाली. चाहते शास्त्रींवर तुटून पडले. 'घाबरट', 'खेळ बिघडवणारा', 'कुणाचा माणूस आहेस?' काय काय लिहिलं लोकांनी! बघणारे निम्म्याने घटले. शास्त्रींना वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? वाटलंच. पण आता ते रोज पोटभर जेवू लागले, आणि आत्याने त्यावर एक शब्दही काढला नाही.

हातोडा बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मग एक दिवस बायकोला घेऊन दुकानात आला, गोदामात वापरायला जाड काचांचा चष्मा करून घ्यायला. शास्त्रींनी फ्रेम चढवली, काडी वाकवली, परत चढवली.

"राग गेलेला नाही माझा," हातोडा आरशात बघत म्हणाला. "रोज वाटतं, लढलो असतो तर जिंकलो असतो."

"वाटणारच," शास्त्री म्हणाले.

"पण हिचा चेहरा दोन्ही डोळ्यांनी दिसतो." त्याने चष्मा नाकावर वर सरकवला. "त्या दिवशी तुम्ही आलात, ते... बरं झालं."

शास्त्रींनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही आधी आला होतात. मी खोटं बोललो तुमच्याशी. मला दिसलं होतं."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर त्याच दिवसापासून आणखी कुणाला विचारायचं, ते शोधत बसले होते. तेवढ्यात तुम्ही तालमीत गेल्याचं कळलं."

शास्त्री अजूनही लढती बघतात, अजूनही अंदाज सांगतात. कुणाची पकड चांगली, कुणाचा दम मोठा, यावर तासभर बोलतील. पण परवाच एका लढतीबद्दल सगळे विचारत असताना ते कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "या लढतीचा अंदाज मी देणार नाही. एका खेळाडूच्या चालण्यात मला काहीतरी दिसलंय. ते मी त्याच्या प्रशिक्षकाला फोन करून कळवलंय. तुम्हाला सांगणार नाही."

मित्रहो, पिंजरा काही फक्त खेळातच नसतो. शेजारचा माणूस खचत चाललाय, ऑफिसातली बाई काहीतरी लपवतेय, ओळखीचं कुणीतरी तोल सांभाळत कसंबसं उभं आहे, हे आपल्याला दिसतं. आणि आपण काय करतो? त्याचं पुढे काय होणार यावर पैजेच्या सुरात बोलतो, आणि तसंच झालं की "मी म्हटलं नव्हतं?" म्हणून मिरवतो. दुसऱ्याचं संकट आधी ओळखलं यात शहाणपण नाही. ते जगाच्या कानावर घालण्याआधी त्याच्या दारात जाऊन त्याला सांगितलं, तर ते शहाणपण. मग तो रागावला तरी चालेल, आपण चुकीचे ठरलो तरी चालेल. आणि आपला अंदाज खोटा ठरला तर? त्याच्याइतका आनंदाचा पराभव दुसरा नाही!