इंजिनिअर ओसिफोचं घर

इसोकेनताई इटलीला गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि परत आली तेव्हा एकवीस. मधल्या काळात ती एकदाही नायजेरियाला, आमच्या बेनिन शहरात आली नाही. पादोव्हा नावाच्या शहरात एका म्हाताऱ्या बाईचं सगळं ती करायची. उचलून अंघोळीला नेणं, भरवणं, रात्री-अपरात्री चादरी बदलणं. तिकिटाला लागले असते तेवढे पैसेसुद्धा ती घरासाठी पाठवायची. घर म्हणजे तिचं स्वतःचं, एकेनवान रस्त्याला बांधलं जात असलेलं.

आमच्याकडे बाप गेला की तो राहिला ते घर थोरल्या मुलाचं होतं. मुलींना त्यात वाटा नाही. बाबा गेले आणि घर उयीदादाचं झालं. ताईला त्याचं वाईट वाटलं नाही, रीतच ती. पण म्हातारपणी भावाच्या दारात, वहिनीच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. जमीन घ्यायला, बांधकामावर उभं राहायला विश्वासाचं माणूस हवं. दादापेक्षा विश्वासाचं कोण होतं?

दर महिन्याला पैसे यायचे आणि दादा फोनवर सांगायचा. ब्लॉक आले. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. या खेपेला जरा जास्त पाठव, पत्रे महागलेत. तो हे इतक्या बारकाईने सांगायचा की गवंडी कसा कामचुकार आहे, कसा दुपारी सावलीला झोपतो, हेही सांगायचा. गवंडी नव्हता. जमीनही नव्हती. त्या पैशांतून दादाने मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, लागोसच्या रस्त्यावर दोन बस सोडल्या, स्वतःला काळी टोयोटा घेतली. सासरे गेले तेव्हा दोन गायी कापल्या. सगळं गाव जेवून गेलं आणि म्हणालं, जावई असावा तर असा.

मग ताईने फोटो मागितले.

मी तेव्हा सोळा वर्षांची. दादाने मला गाडीत घातलं आणि एकेनवानला एका अर्धवट घरासमोर नेलं. मालक इंजिनिअर ओसिफो. अमेरिकेत असायचे, वर्षातून एकदा नाताळात यायचे. दादाने रखवालदाराच्या हातात एक नोट ठेवली आणि माझ्या हातात फोन दिला.

"चारी बाजूंनी घे. रखवालदार दिसता कामा नये."

"दादा, हे कुणाचं आहे?"

"तुझी फी कोण भरतं?"

"तू."

"मग घे फोटो."

माझी फीदेखील ताईच्याच पैशांतली होती, हे मला नंतर कळलं. पण खरं सांगायचं तर आधी कळलं असतं तरी मी फोटो काढलेच असते. मला दादाची भीती वाटायची आणि शाळा सुटायला नको होती. पुढची पाच वर्षं ओसिफोंचं घर जसं वाढत गेलं तसे मी फोटो पाठवत गेले. एकदा तर दादाने मला वरच्या खिडकीत उभं केलं आणि हात हलवायला लावला. ताईने तो फोटो आपल्या फोनवर दर्शनी लावून ठेवला. "तुला बघते आणि कामाला लागते," असं लिहिलं होतं तिने मला.

नोव्हेंबरात ती आली. बारीक झालेली, मनगटं जाड झालेली. आईच्या गळ्यात पडून रडली, दादाच्या पायाशी वाकली, मुलांना बूट दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात मी तिच्या वेण्या घालत बसले होते. आई बाजारात गेली होती, वहिनी झोपली होती.

ताई मान न वळवता म्हणाली, "इवी, खिडकीत उभी राहून हात हलवलास तेव्हा काय वाटत होतं गं तुला?"

माझी बोटं थांबली.

"थांबू नकोस. घाल वेणी. पादोव्हाच्या आमच्या चर्चमध्ये ओसिफो साहेबांची चुलत बहीण येते. उन्हाळ्यात तिने भावाच्या घराचे फोटो दाखवले मला. तेच फाटक, तीच निळी टाकी. मी म्हटलं, सुंदर आहे हो. अजून काय म्हणणार?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड, माझे केस भिजतील." आणि थोड्या वेळाने, "दादाला यातलं काही सांगायचं नाही. गप्प बसायचं. तेवढं तुला छान जमतं."

मी गप्प बसले.

रविवारी दादाने तिला घर दाखवायला नेलं. रस्त्यावरूनच. आत भाडेकरू आहेत, त्यांच्याकडे मयत झालंय, आज बरं दिसणार नाही, असं त्याने वाटेतच सांगून टाकलं. ताई गाडीतून उतरली, फाटकावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "छान बांधलंस रे." दादाने मान खाली घातली. मला वाटलं आता बोलेल. पण तो म्हणाला, "गवंड्यांनी फार छळलं."

तिथेच त्याची शेवटची संधी गेली असावी. त्या रात्री जेवताना ताईने हात धुतले, कुटलेल्या याम कंदाचा एक घास मोडला आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, "दादा, तुला इटलीला यायचंय का?"

सगळ्यांचे हात थांबले.

ती ज्या बाईकडे काम करायची, तिच्या मुलाचा मोठा कारखाना आहे, त्याला गाड्यांची माहिती असलेला विश्वासू माणूस हवाय, कागद तो करून देईल, असं तिने सांगितलं. पगार सांगितला तेव्हा अमेंझेवहिनीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण खर्च आहे," ताई म्हणाली. "वकील, परवाना, तिथे पहिलं वर्षभर राहायला दाखवायची रक्कम. तीन कोटी नायरा तरी लागतील."

"एवढे कुठून आणू?" दादा म्हणाला.

"तू कशाला आणतोस? माझं घर आहे ना. तूच सांगितलंस, आज विकलं तर तीन कोटींच्या खाली जाणार नाही. विकून टाक."

"तुझं घर? वेडी आहेस का?"

"घर काय, तू तिथे गेलास की दोन वर्षांत दोन बांधू. तू माझ्यासाठी एवढं केलंस. मला एवढं तरी करू दे."

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. दादाला घाम फुटला होता. पुढचे दोन दिवस तो म्हणत राहिला, नको, तुझ्या कष्टाचं घर आहे. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याला खोलीत घेऊन गेली. भिंतीला कान न लावताही ऐकू येत होतं. "जन्मभर नटबोल्ट विकायचेत का? बस काय, दुकान काय, तिकडे सहा महिन्यांत सुटेल. तिला काय कळणार आहे कुठून आणले?"

मग दादाने विकायला काढलं. आधी बस गेल्या, मग दुकान मालासकट, शेवटी काळी टोयोटा. ताईला सांगायचा, घराला गिऱ्हाईक बघतोय, म्हणून फिरतोय. ताई त्याला उन्हातून आल्यावर गार पाणी द्यायची. पायी आलास, गाडी कुठाय, असं एकदाच विचारलं तिने. दुरुस्तीला टाकलीय, तो म्हणाला. ती म्हणाली, काळजी घे स्वतःची.

मी हे सगळं बघत होते आणि मला मजा वाटत होती, हे कबूल करायला हवं. पाच वर्षं त्याने मला खोटं बोलायला लावलं होतं. आता तो स्वतः रोज नवं खोटं रचत होता आणि प्रत्येक खोट्यामागे त्याचं काहीतरी कमी होत होतं.

डिसेंबरच्या मध्याला त्याने घराची किंमत म्हणून तीन कोटी ताईच्या खात्यात भरले. ताई म्हणाली, तोंडी नको, ओमोरेगीकाकांसमोर कागद करू. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. दादाने त्यांच्यासमोर सही केली: बहीण इसोकेन हिच्या पैशांतून बांधलेलं तिचं एकेनवानचं घर मी विकलं, आणि त्याची पूर्ण किंमत तिला दिली. काका खूश झाले. म्हणाले, भाऊ-बहीण असावेत तर असे.

नाताळनंतरच्या शनिवारी निरोपाची जेवणं ठरली. वहिनीने सगळ्या नातेवाइकांसाठी एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवून घेतले. अंगणात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, मोठमोठ्या पातेल्यांत टोमॅटोतला लाल जोलोफ भात, बकऱ्याचं तिखट सार. हवेत वाळवंटाकडची कोरडी धूळ होती, सगळे खोकत होते आणि खात होते. दादा नव्या सुटात पाहुण्यांमधून फिरत होता. कुणी त्याच्या खिशात चिठ्ठ्या कोंबत होतं: माझ्या मुलाचं बघ, माझ्या भाचीचं बघ. तो सगळ्यांना म्हणत होता, पोचू तर दे.

काकांनी रीतीप्रमाणे कोलाची बी फोडून आशीर्वाद दिला. मग ताईने माइक घेतला.

"एका पाहुण्यांचे आभार मानायचे राहिले," ती म्हणाली. "इंजिनिअर ओसिफो साहेब. मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, आणि ते आले."

मागच्या रांगेतून एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ संकोचून उठले. दादाचं तोवर त्यांच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्याच्या हातातला पेला कलला आणि सुटावर सांडला.

"साहेब, तुमचं एकेनवानचं घर तुम्ही विकलंत का?"

"नाही बुवा. काल तिथेच झोपलो होतो."

कुणीतरी हसलं.

"काकांनी साक्ष केलेला हा कागद आहे," ताई म्हणाली, आणि तिने तो सावकाश वाचून दाखवला. "माझ्या भावाने माझं म्हणून पाच वर्षं जे घर दाखवलं, ते तुमचं. इवी, इकडे ये. फोटो कुणी काढले ते सांग."

मी गेले. सगळं निळं कापड माझ्याकडे वळलं होतं. माझा आवाज माइकमधून मलाच परका वाटला. "मी काढले. दादाने काढायला लावले."

दादा पुढे आला. "इसोकेन, आत चल. आत बोलू."

"आत काही उरलं नाही बोलायला. इटलीत नोकरी नाही, दादा. मी कुणाकडे शब्द टाकला नाही, कसला अर्ज केला नाही. मी तुला पाच आठवडे इटली दाखवली. तू मला पाच वर्षं घर दाखवलंस. मी कमीच घेतलं."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. ओमोरेगीकाकांनी कागद मागून घेतला, पुन्हा वाचला, सही आपलीच आहे हे बघितलं आणि घडी घालून ताईला परत दिला. लोक उठायला लागले. काहींनी दादाला दिलेल्या चिठ्ठ्या परत मागितल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आईने ताईचा दंड धरला. "घरातलं घरात ठेवायचं होतंस गं."

"घरातलं घरात ठेवायला मला घर कुठाय, आई?"

आईला आधीपासून ठाऊक होतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही.

ताई तीन दिवसांनी गेली. मी तिची बॅग रस्त्यापर्यंत नेली. घर झालं की तुला माझ्याकडे आणते, असं ती मला लहानपणापासून सांगत आली होती, आणि मी मूर्खासारखी अजून त्याच आशेवर होते. विचारलंच. "ताई, माझं काय?"

ती गाडीत बसली, काच खाली केली. "तुला मी शाळा शिकवली. ती परत घेता आली असती तर घेतली असती." ड्रायव्हरला म्हणाली, चला.

फेब्रुवारीत तिने दुसऱ्या भागात स्वतःच्या नावावर जमीन घेतली, पुढे एका अनोळखी ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं आणि परक्यांना भाड्याने दिलं. आमच्यापैकी कुणालाही तिने पत्ता दिला नाही. रविवारी आईला फोन येतो. पाच-सात मिनिटं बोलते. मी शेजारी बसलेली असते, पण आई फोन माझ्याकडे देत नाही.

अमेंझेवहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली. दादाच्या बस ज्याने घेतल्या, त्यानेच त्याला ड्रायव्हर ठेवलं. लागोसच्या रस्त्यावर तो आता आपल्याच जुन्या बसचं चाक धरतो आणि संध्याकाळी पैसे दुसऱ्याच्या हातात ठेवतो. मी औषधांच्या दुकानात लागले.

परवा तो दुकानात आला. पोटाचं औषध मागितलं. त्या शनिवारनंतर आम्ही एकाच घरात राहून एकमेकांशी बोललो नव्हतो. गोळ्या कागदात बांधेपर्यंत तो काउंटरकडे बघत राहिला.

"तिने बरोबर केलं असं वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. म्हणताना मला बरं वाटलं.

त्याने मान हलवली, पुडी खिशात घातली. दारात थांबून म्हणाला, "आईचे गुडघे सुजलेत. उद्या सातला दवाखान्यात न्यायचंय. मला तिला एकट्याने उचलता येत नाही."

"येते," मी म्हणाले.