दाबलं की पिवळी

मी एक जुनी पूड आहे, तीही चिमूटभरच. एका प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेच्या कुपीत राहते. साध्या उजेडात मी पांढरीफटक दिसते, पण अतिनील दिवा माझ्यावर धरला की हिरवीगार चमकते. तेवढं चमकणं सोडलं, तर माझा सारा जन्म घाबरण्यातच गेला.

मला घडवलं ताईने. ती तिथे संशोधन करायची आणि सगळे तिला ताईच म्हणायचे. तिने मला द्रावणातून अलगद बाहेर काढलं, गाळण कागदावर वाळवलं. मी कागदाला घट्ट चिकटून बसले. मग तिने स्टीलच्या चपट्या चमच्याने मला खराखरा खरवडलं. मित्रांनो, माझे रेणू नीट रांगेत उभे असतात. त्या खरवडण्याने सगळ्या रांगा मोडल्या. दिव्याखाली धरलं, तर मी पिवळी!

"बाई, हिच्यात काहीतरी भेसळ झालीय," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पुन्हा?" तिच्या मार्गदर्शक बाई वैतागल्या. "टाकून दे. नव्याने कर."

टाकाऊ रसायनांच्या पिंपाचं झाकण उघडलं. आतला उग्र भपका आला आणि माझी पाचावर धारण बसली. मला ओरडता येत नव्हतं. पूड उडू नये म्हणून ताईने माझ्यावर दोन थेंब ॲसिटोन टाकलं आणि ती हातमोजे बदलायला वळली. तेवढ्यात थेंब उडून गेले. त्या ओलाव्यात माझे रेणू सावरले, पुन्हा रांगेत आले. दिवा अजून माझ्यावर चालूच होता.

"बाई! हिरवी झाली!"

बाई धावत आल्या. "थांब, ओतू नकोस. कागदावरून कशी काढली होतीस?"

"खरवडून."

"जोरात?"

"चांगलीच. निघतच नव्हती ना."

बाईंनी मला चमच्याने चिरडलं. पिवळी. थेंब टाकला. हिरवी. "अगं वेडे, भेसळ कसली! दाबलं की रंग बदलते ही!" दोघी हसत सुटल्या. मी मात्र भीतीने अर्धी झाले होते.

मग माझं कौतुक सुरू झालं. पाहुणे आले की मला खलात घोटायचे आणि टाळ्या वाजायच्या. खल दिसला की माझा जीव टांगणीला लागायचा. थेंब टाकायला विसरले तर? एकदा खरंच विसरले. पुढे ताई दुसऱ्या गावी गेली, बाई निवृत्त झाल्या आणि मी तशीच घोटलेली, मागच्या फळीवर पडून राहिले.

आज एक नवी मुलगी कपाट आवरते आहे. तिने कुपीवरची चिठ्ठी वाचली आणि माझ्यावर दिवा धरला. "ही तर हिरवी चमकायला हवी. खराब झालेली दिसतेय," ती पुटपुटली. पिंपाचं झाकण उघडंच आहे.

मित्रांनो, कोणाचा रंग बदललेला दिसला, तर त्याला लगेच वाया गेलेला ठरवू नका. त्याला कोणी दाबलं होतं का, हे आधी विचारा. मला तर दोन थेंब पुरतात.

मुलीने कुपी पिंपावर नेली. मग काय वाटलं कोण जाणे, चिठ्ठीच्या तळाशी ताईचं नाव आणि नंबर वाचून तिने खिशातून फोन काढला. घंटी वाजते आहे. ताई, उचल ना गं!