टेलरमास्तरांच्या दारातली शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, या, ऐकायला बसा, पण माझ्या तिसऱ्या पायरीवर बसू नका. ती कुरकुरते, आणि तिच्या संगतीने मलाही कुरकुर करायची सवय लागली आहे.

सुतारकाकांनी मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं. तरुणपणी मी त्यांच्याबरोबर घरोघर हिंडले. मग त्यांनी अॅल्युमिनियमची नवी शिडी आणली आणि माझी रवानगी कारखान्यामागे झाली. त्या चकचकीत बयेचा मला भारी राग यायचा. माझ्या अंगाला बुरशी धरली, तरी कुणी ढुंकून बघेना. खरं सांगते, रडू यायचं.

तिथून मला बाहेर काढलं शनिवारच्या मंडळींनी. दर शनिवारी सुतारकाकांच्या पुढच्या खोलीत पाच-सहा जण जमतात, बायबल वाचतात, गातात, प्रार्थना करतात. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, मग आपण नुसतं बसून कसं चालेल, असं त्यांच्यातल्या नर्सताईंचं म्हणणं. म्हणून 'आमेन' झालं की मंडळी बाह्या सरसावून गल्लीत निघतात. कुणाचा दिवा लावून दे, कुणाची भिंत रंगवून दे. नवी शिडी गिऱ्हाइकांकडे अडकलेली असायची, त्यामुळे त्यांनी मलाच घासूनपुसून तेल लावलं. माझा भाव एकदम वधारला.

पण एकदा या भल्या माणसांनी घोळ घातला. समोरच टेलरमास्तर राहतात. ते एका पायाने अधू आहेत. त्यांची बायको छातीच्या दुखण्याने इस्पितळात होती, सोमवारी घरी यायची होती. तिला ओलीत ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नेमकी तिच्या पलंगावरची कौलं फुटून पाणी गळत होतं. मंडळींनी कळवळून प्रार्थना केली. बिचारे लंगडे मास्तर, त्यांना कुणी नाही, त्यांच्याने काही होत नाही, वगैरे वगैरे. सगळं मोठ्याने, आणि खिडकी सताड उघडी! मास्तर समोर ओट्यावर काजं करत बसले होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला.

मंडळी मला घेऊन त्यांच्या दारात गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी लंगडा आहे, हे देवाला ठाऊक आहे. गल्लीला सांगायची गरज नव्हती."

आणि दार लावून घेतलं. मंडळींची तोंडं एवढीएवढीशी झाली. त्यांना नकोच असेल तर राहू द्या, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यांचा राग आपल्यावर आहे, त्याचा त्रास त्या बाईंनी का भोगायचा, असं नर्सताईंनी विचारलं.

रविवारची उपासना संपताच नर्सताई आणि सुतारकाका मला घेऊन परत त्या दारात उभे राहिले. मास्तरांनी दार अर्धवट उघडलं.

"मास्तर, तुम्हाला न विचारता तुमचं दुःख आम्ही चारचौघांत मांडलं," नर्सताई म्हणाल्या. "चुकलं आमचं. माफ करा."

पाऊस थांबला होता, तरी आत बादलीत टपटप चालूच होती.

सुतारकाका म्हणाले, "फरशी ओली आहे, शिडी घसरते. खालून कुणी घट्ट धरल्याशिवाय मी वर जाणार नाही. तुम्ही धराल?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतून स्टूल ओढून आणलं, त्यावर बसले आणि दोन्ही हातांनी मला पकडलं. मित्रांनो, जन्मभर कात्री चालवलेले ते हात! मी जागची हलले नाही. वर काका कौलं बसवत होते आणि खाली मास्तरांची टकळी सुरू झाली. कौल बसवताय की टाके घालताय, आटपा लवकर! नर्सताईंना हसू आवरेना. सोमवारी मास्तरांची बायको कोरड्या पलंगावर निजली.

तेव्हापासून मंडळी आधी विचारतात, मग प्रार्थना करतात. मास्तरही शनिवारी स्टूल घेऊन येतात. आत बसत नाहीत. ओट्यावर थांबतात आणि 'आमेन' ऐकू आलं की उठतात.

परवा मात्र ते उंबऱ्यापर्यंत आले. बायकोची पुन्हा तपासणी होती. "आज आमचं नाव घ्या," ते म्हणाले. "पण बिचारे म्हणू नका. शिडी धरणारे मास्तर म्हणा."

मित्रांनो, मला उन्हापावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेल द्या, एवढं तर मी मागणारच. पण मला घेऊन कुणाच्या मदतीला जाल, तेव्हा आधी दार वाजवा. आणि त्या घरातल्या माणसाच्या हातांना माझ्यापाशी जागा ठेवा.