होकार कोणी दिला?

आमच्या घराण्यातले पुरुष बायकोच्या दहा पावलं पुढे चालतात. का, ते कोणालाच माहीत नाही. आजोबा चालायचे, आबा चालतात. एकदा आबा असेच पुढे होऊन धुळ्याच्या एसटीत बसले आणि आई यावललाच राहिली. अमळनेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्यामुळे होळीनंतरच्या रविवारी बायकोला, म्हणजे दिपमालाला घेऊन मी सातपुड्याच्या जंगलात फिरायला गेलो, तेव्हा आपोआपच पुढे होतो. पळस फुलला होता. मोहाची फुलं टपटप पडत होती. नदी ओलांडून मी चढाला लागलो आणि मागे सागाच्या वाळक्या पानांवर तिची पावलं वाजायला लागली.

लग्नाला चार महिने झाले होते आणि एका प्रश्नाने मला जेवण गोड लागत नव्हतं. जेवत होतो, पण गोड लागत नव्हतं. बघायच्या कार्यक्रमाला तिच्या धुळ्याच्या घरी अकरा माणसं होती. तिने पोहे आणून ठेवले आणि चौथ्या मिनिटाला तिचे काका, जीवराम नाना, म्हणाले, "पोरीचा होकार शे." पोरगी तेव्हा आत चहासाठी साखर शोधत होती.

तोंडावर विचारायचा धीर होईना. पाठ करून विचारणं सोपं असतं.

"दिपमाला, खरं सांग. तुला माझ्याशी लग्न करायचं होतं का?"

पावलं वाजत राहिली. उत्तर नाही.

"नसेल तरी चालेल," मी म्हणालो. चालणार नव्हतं. "मी घोरतो, मला माहीत आहे. पण माणूस म्हणून मी..." पुढचं काही सुचलं नाही.

पावलं तशीच. अर्धा किलोमीटर मी नकार मिळालेल्या माणसासारखा चाललो. शेवटी वळलो.

मागे दगडीबाई होत्या. पायथ्याच्या पाड्यावर राहतात, आमच्या केळीच्या बागेत कामाला येतात. डोक्यावर मोहाच्या फुलांची पाटी होती.

"आजी, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"मले वाटनं, तू फोनवर बोली ऱ्हायना." मग जरा विचार करून, स्वतःच्या छातीवर हात ठेवत म्हणाल्या, "आनि मनं ते लगीन व्हयी जायेल शे, भाऊ."

त्यांनी खाली बोट दाखवलं. "तुनी बायको तठे नदीवर बशेल शे."

मी पळत उतरलो. दिपमाला पाण्यात पाय सोडून दगडावर बसली होती.

"अगं, हाक मारायची ना!"

"मारली. 'अहो' म्हटलं, तर मोह वेचणारे तीन नवरे वळले. तुम्ही सोडून."

"मग नाव घ्यायचं."

"आईंनी सांगितलंय, नाव फक्त उखाण्यात. उखाणा आठवेपर्यंत तुम्ही वळणाआड गेलात."

मी शेजारच्या दगडावर बसलो आणि तिच्याकडे बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला. दगडीबाईंना विचारताना जास्त चांगला जमला होता.

तिने पाय पाण्यातून काढून दगडावर घेतले.

"होकार मी दिलाच नव्हता," ती म्हणाली. "नकारही नाही. मला आठ दिवस हवे होते. तेवढ्यात साखरपुड्याची तारीख निघाली."

"आठ दिवस मिळाले असते तर काय म्हणाली असतीस?"

"मला काय माहीत? मिळालेच नाहीत ना." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला विचारलं होतं का कोणी?"

मी आठवायला लागलो. परतताना गाडीत आबा म्हणाले होते, "आपल्याला पसंत शे." त्या 'आपल्याला'त आपणही असू, असं मी धरून चाललो होतो. चार महिने मी फक्त तिच्या उत्तराची काळजी केली होती. माझंही एक उत्तर असायला हवं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग आता मी विचारते."

हो म्हणणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं. पण ते माझंच आहे की कोणी आणून ठेवलेलं, याची खात्री होईना.

"मला जरा विचार करावा लागेल."

नवऱ्याने बायकोला म्हणायचं हे वाक्य नव्हे. पण ती चिडली नाही. सरकून तिने मला सावलीत जागा करून दिली.

"करा," ती म्हणाली. "मलाही करायचाय. चार वाजेपर्यंत गाडी नाही."