तिसरा पट्टा

हेमराजभाऊ तळ्यावर आले ते वरातीला निघाल्यासारखे. अंगात लालभडक जर्किन, गळ्यात मफलर, मफलरवर कॅमेरा, कॅमेऱ्यावर फ्लॅश आणि या सगळ्यांवर मात करणारा अत्तराचा दरवळ. डिसेंबरातली सकाळ अजून पुरती उजाडली नव्हती. अल्लीपूरच्या बाहेरचं ते तळं धुक्याखाली निजलं होतं आणि पलीकडच्या उथळ पाण्यात पट्टकादंबांचा थवा उभा होता. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्याचे हे रानहंस दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून इथे उतरत. प्रत्येकाच्या डोक्यामागे दोन काळे पट्टे; कुणी काजळाचं बोट दोनदा ओढून ठेवावं, तसे.

अश्वजित बाभळीच्या बुंध्याशी करड्या घोंगडीत बसला होता. त्या जर्किनापेक्षा एखादा रोड रोलर अधिक हळुवारपणे आला असता, असं त्याच्या मनात आलं. त्याच्या मनात नेहमीच पुष्कळ येई. ओठांपर्यंत पोचेस्तो त्यातलं फारच थोडं उरे.

"भाऊ, खाली बसा," तो म्हणाला.

"काऊन? बसलो तं फोटो कसा निघीन?"

"ते आपल्याकडेच पाहून राह्यले."

"पाहू दे ना! कॅमेऱ्याकडे नाई पाह्यलं तं फोटो कायचा रे?" आणि हेमराजभाऊंनी, आजवर शेकडो लग्नांत वऱ्हाडी मंडळींना दिली होती तीच हाक, त्याच टाळीसकट, हंसांना दिली, "हाव, इकडे पाहा सारे! हालू नका!"

थवा उठला. पंखांचा मोठा फडफडाट झाला, त्यामागून फ्लॅश लखलखला आणि समोरच्या धुक्याचा एक तुकडा विनाकारण उजळून निघाला.

"भेकड जात आहे," हेमराजभाऊ रोल पुढे सरकवत म्हणाले.

अश्वजितने मान खाली घातली. ज्याला उत्तर द्यावं इतकीही या माणसाची योग्यता नाही, हे त्याने स्वतःशी फार पूर्वीच ठरवलं होतं. समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर हेमराजभाऊंचा 'ज्योत्स्ना फोटो स्टुडिओ' होता. नाव बायकोचं, शिक्का मालकाचा आणि काम अश्वजितचं. तो तिथे रिटचिंग करी. मिटलेल्या डोळ्यांच्या नवरदेवाला डोळे उघडून देणं, एखाद्या वधूच्या गालावरचे देवीचे वण पुसणं, विरळ मिशीला दाट करणं, हे त्याच्या ब्रशचं रोजचं पुण्यकर्म. लोक फोटो पाहून हरखत आणि मूळ चेहरा विसरून जात. त्यांच्या त्या हरखण्याचीही त्याला मनोमन किळस येई.

त्याचं खरं काम तळ्यावर चाले. सारा हिवाळा तो पहाटे इथे येऊन बसे, त्याच बुंध्याशी, त्याच घोंगडीत. इतका, की हंस आता त्याला एक ढेकूळ समजू लागले होते. आई, तानाबाई, शेजारणींदेखत म्हणे, "माह्या पोराले बदकाईनं घरजावई करून घेतलं, बाई!" शेजारणी हसत. तो त्यांच्यावर रागावत नसे. ज्यांना हंस आणि बदक यातला फरक कळत नाही त्यांच्यावर काय रागवायचं?

त्या वर्षी वर्ध्याच्या 'जलमित्र छायाचित्र मंडळा'ने हिवाळी पाणपक्ष्यांच्या चित्रांचं प्रदर्शन जाहीर केलं होतं. पहिलं येणारं कृष्णधवल चित्र मंडळाच्या दिनदर्शिकेवर छापलं जाणार होतं, खाली छायाचित्रकाराच्या नावासह. अश्वजितला एवढंच हवं होतं. हजारो चेहरे त्याच्या हाताखालून गेले होते आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर ज्योत्स्नाबाईंचं नाव उमटलं होतं. एका, फक्त एका चित्राखाली आपलं नाव असावं. मग त्या ब्रशांचं तोंड पुन्हा पाहायला नको. त्याचं चित्र टिपून झालंही होतं: पहाटेच्या पाण्यात पंखात मान खुपसून निजलेले हंस आणि त्यांच्यात एकटाच मान ताठ करून जागा राहिलेला. ते धुण्यासाठी स्टुडिओची डार्करूम वापरायची परवानगी हेमराजभाऊंनी दिली होती, पण एका अटीवर. त्यांनाही तळ्यावर न्यायचं. त्यांनाही बक्षीस हवं होतं.

परतताना बंडूजींच्या वाडीपाशी हेमराजभाऊंनी स्कूटर थांबवली. विहिरीजवळच्या डबक्यात बंडूजींचा पाळीव पांढरा हंस डुलत होता, माणसांना सरावलेला, गलेलठ्ठ, हाकेला ओ देणारा. भाऊंनी त्याला निरनिराळ्या बाजूंनी टिपलं.

"हिमालयातून आला हा," ते डोळा मिचकावून म्हणाले.

"अजी, हिंगणघाटच्या बाजारातून आणला मी याले," बंडूजी म्हणाले. "कोंबड्याईच्या टोपलीत बसून आला."

"फोटोत टोपली दिसत नाई, बंडूजी."

दुपारी त्या हंसाची मोठी प्रिंट अश्वजितच्या टेबलावर येऊन पडली. मागचं धुकं बरं आलं होतं, एवढंच.

"दोन रेघा ओढून दे याच्या डोक्यावर," हेमराजभाऊ म्हणाले. "त्या तुह्यावाल्या पाखराईले असते तशा."

नाही म्हणता आलं असतं. पण नकार देण्यातही समोरच्याला काहीएक मान द्यावा लागतो आणि तेवढा मान द्यायची अश्वजितची तयारी नव्हती. त्याला याहून गोड काहीतरी सुचलं. त्याने सर्वांत बारीक ब्रश घेतला, शाई पातळ केली आणि आयुष्यात कुठल्याही नवरदेवासाठी घेतले नव्हते एवढे कष्ट घेऊन पहिला पट्टा काढला, मग दुसरा. आणि मग, मानेच्या वळणावर, अगदी तितक्याच निगुतीने, तिसरा. ज्याने पट्टकादंब एकदा तरी डोळे उघडून पाहिला असेल, तो हे चित्र बघताच हसत सुटेल. भर सभेत. हेमराजभाऊंचं लाल जर्किन त्या हशात कसं दिसेल, याचं चित्र त्याने मनातल्या मनात टांगूनही टाकलं.

"वा बे!" हेमराजभाऊंनी पाठीवर थाप मारली. "असलीले मागे टाकलं!" त्यांनी पट्टे मोजले नाहीत.

जानेवारीत वर्ध्याला प्रदर्शन भरलं. अश्वजित आत शिरला आणि समोरच्याच भिंतीवर, झेंडूच्या माळेत, त्याला बंडूजींचा हंस दिसला. प्रथम क्रमांक. स्वतःचं चित्र शोधायला वेळ लागला. ते दारामागे, पाण्याच्या पिंपाशेजारी होतं आणि पाणी प्यायला येणारे त्याला खांदा लावून जात होते.

परीक्षक अण्णाजी माळेखाली उभे राहून जमलेल्यांना समजावत होते. डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. दोन्ही सारखेच निरुपयोगी. "ही मानेची डौलदार रेषा बघा. आणि हे पट्टे! काय धार आहे एकेकाला! असे पट्टे नुसत्या नशिबानं मिळत नाहीत. छायाचित्रकारानं किती पहाटा थंडीत काढल्या असतील!"

लाल जर्किन विनयाने वाकलं. आणि त्याच क्षणी अश्वजितला, नको असताना, सुख झालं. त्याच्या हाताची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती. ते सुख ओळखताच त्याचे कान तापले. समोरच्या दोघांसाठी राखून ठेवलेली सगळी तुच्छता उलटून स्वतःच्याच अंगावर सांडली.

तो पुढे झाला. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "या पक्ष्याला दोनच पट्टे असतात."

अण्णाजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "असतील. पण इथं तीन आहेत, हे तुम्हाला दिसतंय ना?"

"लई रेअर आहे जी," हेमराजभाऊ म्हणाले. "म्हणून तं भेकड. आणि हा आमचा अश्वजित. हुशार आहे, फक्त लाजते. तिकडे पिंपाजवळ याचाबी एक फोटो आहे."

"तो तुमचा?" अण्णाजी मायेने म्हणाले. "प्रयत्न चांगला आहे. पण पक्षी फार लांब राहिले हो. पट्टे कुठे दिसतात? आधी पक्ष्याच्या जवळ जायला शिका."

वाक्य अश्वजितच्या जिभेवर आलं होतं: तिसरा पट्टा मी काढलाय. पण तिसरा म्हटला की पहिला आणि दुसराही आपल्याच हातचा, हे सांगणं आलं. मग या दालनातला खरा खोटारडा कोण, हे ठरवायला दोन चष्म्यांचीही गरज नव्हती. इतरांसाठी लावलेल्या सापळ्यात त्याचा स्वतःचाच पाय होता, आणि तो किती काळजीपूर्वक अडकवला होता! तो मागे सरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दिनदर्शिका निघाली. तळाशी छापलं होतं: छायाचित्र, हेमराजभाऊ, समुद्रपूर. मग तहसीलमधून, सूतगिरणीतून, ओळखीच्या दुकानांतून मोठ्या प्रतींची मागणी सुरू झाली. मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या नव्या प्रिंटांचा गठ्ठा टेबलावर आला. सगळ्यांत बंडूजींचा हंस, कोऱ्या पांढऱ्या डोक्याचा.

"चाल, रेघा ओढ," हेमराजभाऊ म्हणाले.

अश्वजितने ब्रश उचलला, शाईत बुडवला आणि पुन्हा खाली ठेवला. "मी नाई काढत."

"काऊन? तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे."

"मंग आण इकडे. दोन रेघा ओढाले काय कलेक्टर लागते?" त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा न लावताच पहिल्या प्रिंटवर ब्रश टेकवला आणि जाडेभरडे फटकारे मारू लागले. एक, दोन, पुढची प्रिंट. एक, दोन, पुढची. तिसऱ्याचा कंटाळा त्यांना पहिल्याच हंसावर आला होता.

अश्वजित पाहत राहिला. पक्ष्याकडे एकदाही धड न पाहिलेल्या त्या माणसाच्या आळसातून एकेक हंस बरोबर निघत होता; आणि ज्याने सारा हिवाळा त्यांच्यात बसून काढला, त्याने काढलेला एकुलता एक खोटा होता, घरोघरच्या भिंतीवर. हसू यायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. ते आलं नाही. त्याने दारामागचा स्वतःचा कॅमेरा खांद्याला अडकवला आणि डार्करूमची किल्ली शाईच्या बाटलीशेजारी ठेवली.

"चाल्ला?" हेमराजभाऊंनी वर न पाहताच विचारलं. "उद्या लवकर येजो."

"उद्या नाई येत, भाऊ."

"बरं," हेमराजभाऊ पुढची प्रिंट ओढत म्हणाले, "मंग परवा येजो."