चिंधीचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. पूर्ण नाही, अर्धाच. ते कसं झालं ते ओघाने येईल. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला नाकाशी धरू नका. माझ्या अंगाला लाळेचा, ओल्या गवताचा आणि आणखी कशाकशाचा वास येतो. तो मलाही सोसत नाही. मी मूळचा फार टापटिपीचा आहे हो!

माझा जन्म एका मोठ्या गिरणीत झाला. मी पांढराशुभ्र होतो, अंगाने भरदार, आणि माझ्या काठांवर निळी वेलबुट्टी होती. कुणीतरी मला खोक्यात घालून, वर फीत बांधून ताईला भेट दिलं. ताई घरीच शिवणकाम करायची. कपडे उसवणं, घट्ट करणं, सैल करणं, चेन बदलणं, असं तिचं दिवसभर चाले. तिने मला खोक्यातून काढलं, गालाला लावलं आणि म्हणाली, "हा पाहुण्यांसाठी." मग कपाटाच्या वरच्या खणात माझी स्थापना झाली. पाहुणे आले तरी मला बाहेर काढायला तिचा जीव होत नसे. ती त्यांच्या हाती आपला रोजचाच पंचा ठेवी. मी आपला घडी घातलेला, ऐटीत बसून. काम नाही, डाग नाही. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

ताईचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच्याकडे गाडी कधीच नव्हती, पण गॅरेज होतं. त्या गॅरेजमध्ये तो गिनीपिग पाळायचा आणि त्यांची पिल्लं विकायचा. गिनीपिग म्हणजे उंदराचा गुबगुबीत, बिनशेपटीचा भाऊबंद. त्यातल्या काहींच्या काळ्या अंगात पांढरे केस पेरल्यासारखे असतात. धाकटा त्या रंगाला 'चांदणी' म्हणायचा. गिऱ्हाइकांच्या चांदणीवर उड्या पडत. मग धाकट्याने डोकं चालवलं: एक चांदणी इतकी छान, तर आई आणि बाप दोन्ही चांदणीच असले म्हणजे काय बहार होईल! त्याने तशी जोडी लावली आणि महिनाभर ओळखीपाळखीत फुशारकी मारत फिरला.

एका सकाळी तो बुटांचं खोकं घेऊन ताईकडे आला. त्याचं तोंड आंबट झालं होतं.

"ताई, एखादी चिंधी दे गं. हे एक वेडंवाकडं निघालंय. गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो, तासाभरात जाईल ते."

ताईने खोक्यात डोकावून पाहिलं. आत एक पांढरंफटक पिल्लू होतं. डोळ्यांच्या जागी टाचणीने ओढल्यासारख्या दोन फटी. खालचा एक दात तिरका, वरचे नाहीतच. हनुवटी लाळेने चिकट झालेली. ते खोक्याच्या कोपऱ्यात नाक खुपसून आईला शोधत होतं आणि पुठ्ठाच चोखत होतं.

"शी!" ताई म्हणाली. "शी, शी, शी!"

तिला शिसारी आली होती, हे मी कपाटातून स्वच्छ ऐकलं. मला वाटलं, आता ती खोकं परत करणार. पण तिने कपाट उघडलं आणि हाताला लागलं ते ओढलं. हाताला लागलो मी. पुढच्या क्षणी ते ओलं, थरथरतं प्रकरण माझ्या मधोमध होतं, आणि त्याने माझ्यावर पहिलं काय केलं असेल? लघवी! इतकी वर्षं जपलेल्या माझ्या अंगावर!

"चिंधी मागायला आलास होय?" ताई भावाला म्हणाली. "जा घरी. हिचं काय करायचं ते मी बघते." तेव्हापासून त्या पिल्लाचं नाव चिंधीच पडलं.

चार दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंधीला माझ्यावर ठेवून तपासलं. धाकटाही सोबत होता, हात खिशात घालून. बाईंनी चिंधीचं तोंड उघडून आत पाहिलं, कानापाशी चुटकी वाजवली. चिंधी ढिम्म.

"आंधळी आहे, बहिरी आहे," बाई म्हणाल्या. "पुढचा एकच दात, तोही तिरका, आणि दाढा वेड्यावाकड्या वाढत राहणार. त्या मला दर थोड्या दिवसांनी कापाव्या लागतील. स्वतःचं स्वतः पोटभर खाणं हिला जमणार नाही. चांदणी-चांदणी जोडी लावली होती ना? काही पिल्लं रंगाचा तो गुण दोन्हीकडून घेतात. मग हे असं होतं."

"नशीब एकेकाचं," धाकटा म्हणाला.

"नशीब कसलं? तुम्ही केलंत हे." बाई कात्री पुसत होत्या. "बापाला लगेच वेगळं केलंत ना?"

"छे हो! बाप आहे तो. त्याला काय पोरांचं तोंड बघायला नको? कसा लाडाने चिकटून बसला होता, फोटो आहेत माझ्याकडे!"

बाईंचा हात थांबला. "अहो, गिनीपिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहते. तो लाडाने बसला नव्हता. झालं, आता दोन-सव्वादोन महिन्यांनी बघा काय होतं ते."

धाकट्याने मान हलवली आणि विषय बदलला. तिथेच उभ्या उभ्या त्याने त्यातले दोन फोटो गिऱ्हाइकांना पाठवले. माणसाचा मला आलेला हा पहिला खरा वीट.

मित्रांनो, चिंधीला भरवणं म्हणजे काय ते ऐका. खाण्याच्या गोळ्या दळायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या. हिरवट, चिखलासारखी लापशी होते. ती बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायची. चिंधीला माझ्यात मानेपर्यंत गुंडाळायचं आणि तोंडाच्या कडेने थेंब थेंब आत सोडायचे. निम्मं आत जाई, निम्मं हनुवटीवरून माझ्यावर. मग ती शिंकायची. उरलंसुरलं ताईच्या चष्म्यावर. मग हनुवटी पुसा, नाहीतर तिथे फोड येतात. मग मागची बाजू पुसा, ते तर मी सांगतही नाही. दिवसातून कितीदा तरी हे चाले. ताईला कित्येकदा उमासे येत. ती मान वळवून खोकायची, डोळे पुसायची आणि पुन्हा सिरिंज धरायची. कुणी तिला म्हणालं, "तुम्ही किती प्रेमळ!" की ती फटकन म्हणे, "प्रेमळ कसली? मला किळस येते. पण तिला भूक लागते त्याला मी काय करू?"

मला तिचं हे बोलणं फार आवडायचं, कारण मलाही किळसच यायची.

शिवायला कपडे टाकणाऱ्या बायका नाक मुरडू लागल्या. एक तर ब्लाउज परत घेऊन गेली. तेव्हा ताईने मला वासाच्या साबणात भिजवलं, खळखळून धुतलं, उन्हात वाळवलं. अहाहा! मला पुन्हा जन्मल्यासारखं झालं. मला वाटलं, संपला वनवास.

पण चिंधीला माझ्यात ठेवल्याबरोबर ती दगडासारखी ताठ झाली. डोळे नाहीत, कान नाहीत. तिच्याजवळ काय ते एक नाक होतं. त्या नाकाने तिने माझी ओळख ठेवली होती. लाळेचा आणि गवताचा तो घाणेरडा वास आला की तिला कळे, आता घास येणार. साबणाच्या वासाने तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी परक्याने धरलंय. ती तोंड उघडेना. सकाळ गेली, दुपार गेली. ताई शिवण बाजूला टाकून तिच्यापाशी बसली. गिनीपिगचं पोट रिकामं राहून चालत नाही, आतडी थांबतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शेवटी ताईने मला पिंजऱ्यातल्या जुन्या ओल्या गवतात घातलं आणि पायाने तुडवलं. हो, तुडवलं! मग पुन्हा चिंधीभोवती गुंडाळलं. चिंधीने नाक हलवलं, माझी कड चोखली आणि तोंड उघडलं.

त्या दिवसापासून मला नुसत्या पाण्यात खळबळून काढतात. साबण बंद. माझ्या घाणीवर एका जिवाचं पोट अवलंबून आहे, हे समजल्यावर तक्रार करायची सोयच उरली नाही. तरी मी ती करतोच.

मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं खरं ठरलं. गॅरेजमधली ती चांदणी आई पुन्हा व्यायली. बिचारीची हाडं दिसत होती. पिल्लं तीन झाली: दोन सुरेख, एक पांढरं. धाकटा पुन्हा बुटांचं खोकं घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. या वेळी तर चक्क हसत.

"ताई, तुला आता हात बसलाय. एकीसोबत दुसरी, काय फरक पडतो?"

ताई मशीनवरून उठली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"काय फरक पडतो? मला निम्मी शिलाई सोडावी लागली. पाठ धरलीय. तुझ्या गॅरेजमध्ये सुंदर पिल्लं होतात ती तुझी, आणि अशी निघाली की माझी? मला तिच्या लाळेची किळस येते रे, पण तुझी जास्त येते."

तिने मला उचललं, टेबलावर पसरलं आणि कापडाची मोठी कात्री घेतली. कर्र कर्र करत ती मला मधोमध कापत गेली. वेलबुट्टीचे दोन तुकडे झाले. दुखलं का म्हणाल, तर नाही. अपमान झाला.

"एक अर्धा चिंधीचा. हा अर्धा घे," ती म्हणाली. "भरव तू. सिरिंज पण देते. जमलं नाही, तर ते कसं जातं ते डोळ्यांनी बघ. कोपऱ्यात ठेवून जायचं नाही."

असा मी, म्हणजे मी हा बोलणारा अर्धा, गॅरेजमध्ये आलो.

धाकट्याने पहिल्या दिवशी ओकारी काढली. बादली जवळच होती म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी त्याने नाकाला रुमाल बांधला. या पिल्लाचा जबडा चिंधीपेक्षाही वाकडा होता. डॉक्टरीणबाई बघून गेल्या होत्या. फार आशा नाही, म्हणाल्या होत्या. घास आत जाई आणि तसाच बाहेर येई. धाकटा बोटाने पुसून पुन्हा घाली. तिसऱ्या दिवशी रुमाल नव्हता. गळ्याला करंगळी लावून, गिळलं की नाही ते तो बघत बसायचा, आणि हळूच म्हणायचा, "गिळ ना गं. एवढंसं गिळ."

अशातच एक गिऱ्हाईक बाई आली. चांदणीच्या आधीच्या पिल्लांतली एक जोडी तिने सांगून ठेवली होती.

"नर-मादीच हवी हं," ती दारातूनच म्हणाली. "घरी पिल्लं झाली की मुलांना मजा."

धाकटा उठला नाही. मांडीवर मी होतो आणि माझ्यात ते पिल्लू.

"हे बघा," तो म्हणाला.

"शी! काय आहे हे?"

"त्यांची बहीण. पिल्लं होतील म्हणालात ना? त्यांतलं एखादं हे असतं."

"आमच्याकडे असं काही नाही व्हायचं."

"मीही असंच म्हणत होतो. दोन माद्या नेता? एकमेकींना सोबत होईल. जोडी मी देणार नाही."

"मग मला इथवर कशाला बोलावलंत? आणि ते झाका आधी, बघवत नाही!" ती नाकाशी हात धरून निघून गेली.

धाकट्याने झाकलं नाही. त्याने सिरिंज पुन्हा तोंडाशी नेली. घास ओठांवरच राहिला. त्याने करंगळी गळ्याला लावली, मग छातीला. मला आधीच कळलं होतं, कारण माझ्यावरचं वजन बदलत नाही, पण थरथर थांबते.

गॅरेजमागे खड्डा करून त्याने त्याला पुरलं. सगळे नर एका बाजूला आणि माद्या दुसऱ्या बाजूला केल्या, मध्ये फळी ठोकली. मग मला खांद्यावर टाकून तो ताईकडे गेला. ताई चिंधीला भरवत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरकून त्याला जागा करून दिली.

"दे," तो म्हणाला. "मी भरवतो. तू तुझी शिलाई कर."

ताईने चिंधी त्याच्या हातात दिली. चिंधीने माझा वास घेतला, तोंड उघडलं, घास घेतला आणि शिंकून सगळा त्याच्या तोंडावर उडवला. "शी!" धाकटा म्हणाला, आणि त्याने दुसरा घास भरला. आता तो रोज सकाळी येतो.

मित्रांनो, मला अजूनही किळस येते. तुम्हालाही आली, तर लाजू नका. नाक मुरडा, मान वळवा, पण हात मागे घेऊ नका. आणि पिल्लांचा सुंदर रंग बघून मोह झालाच, तर दुकानदाराला एवढं नक्की विचारा, "यांची भावंडं कुठे आहेत?" तो गप्प बसला, तर तुम्ही तिथून उठा.