तपासणीत पास

तपासणी म्हटली की पास व्हायचं, याखेरीज त्या घराला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. नवरा बंदरात क्रेन चालवायचा. उंच मनोऱ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून खालचे कंटेनर अलगद उचलायचा आणि जहाजावर नेऊन ठेवायचा. वरून त्याला बारीकसारीक सगळं दिसायचं, म्हणून सोबतचे लोक त्याला घार म्हणत. दर वर्षी बंदराचा डॉक्टर सगळ्या चालकांचे डोळे, कान, रक्तदाब आणि तोल तपासायचा. नापास झालेला माणूस खाली उतरायचा तो कायमचा. त्याला गोदामात बसवत. त्यामुळे तपासणीचा आठवडा आला की घारीची बायको कामाला लागायची. जेवण हलकं, झोप लवकर, भांडण तर अजिबात नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि नीट विंचरलेले केस. पडदे शिवण्याच्या दुकानात ती काम करायची, त्यामुळे कापड कसं पडतं यावर तिची नजर असायची. नवराही तिने एखाद्या पडद्यासारखा चुण्या न पडू देता डॉक्टरपुढे नेऊन उभा करायचा, आणि तो दर वर्षी पास व्हायचा.

मग एका तापाने सगळं उलटंपालटं केलं. ताप गेला, पण जाताना दोन्ही कानांच्या आतला तोल सांभाळणारा भाग निकामी करून गेला. ऐकू उत्तम येत होतं. खुर्चीत बसून पेपर वाचणारा घार कोणालाही धडधाकट वाटावा. चालायला लागला की मात्र समोरची भिंत, दिवे, माणसांचे चेहरे, सगळं हिंदकळायचं. तो उभा राहायचा तो डोळ्यांच्या जोरावर. अंधार झाला किंवा डोळ्यांत साबण गेला, की सरळ खाली. अंघोळ करताना तो दार नुसतं लोटून घ्यायचा आणि बायको बाहेर कान लावून उभी राहायची. केबिनपर्यंतच्या शिड्या चढणं तर दूरच राहिलं.

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला, सरकारी तपासणीचं बोलावणं आलं, आणि दोघांनी सवयीप्रमाणे जे करायचं ते केलं. हलकं जेवण, लवकर झोप, इस्त्रीचा शर्ट.

तो पास झाला. अर्ज फेटाळला गेला.

मोफत कायदा सल्ला केंद्र चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिन्याचा कठडा हलत होता, म्हणून घार भिंतीच्या बाजूने वर आला. वकीलबाईंना सर्दी झाली होती. एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात सरकारी डॉक्टरचा अहवाल धरून त्या वाचत होत्या.

"'चाल सरळ. तोल समाधानकारक. पोशाख नीटनेटका. प्रश्नांना हसून उत्तरे दिली.' हसलात कशाला हो?"

"डॉक्टर बरा माणूस होता," घार म्हणाला. "मला म्हणाला, सगळे तुमच्यासारखे आले तर माझं काम हलकं होईल."

"झालंच की त्याचं हलकं. आता माझं वाढलंय." त्यांनी नाक पुसलं. "आणि इस्त्री कोणी केली होती?"

"मी," बायको म्हणाली.

"बाई, तुम्ही त्यांना तपासणीला नेलं होतं की लग्नाला?"

ती कसनुसं हसली. वकीलबाई पुढे सरकल्या. "हे बघा, हॉस्पिटलचे कागद आपल्या बाजूने आहेत. त्यांत लिहिलंय की ह्यांचा तोल गेलाय. सरकारी डॉक्टर म्हणतो, ठणठणीत आहे. अपिलाचं मंडळ विचारणार, यातलं खरं कुठलं? म्हणून तुम्ही सांगायचं. आणि चांगला दिवस नाही सांगायचा, वाईट सांगायचा. खोटं एक अक्षर नको मला. पण लपवणंही तिथे खोट्यातच जमा. तोल सांभाळलात तरी कसा?"

"जमलं," घार म्हणाला आणि खिडकीकडे बघू लागला.

"बाई, तुम्ही साक्षीला या. घरात काय चालतं ते तुम्हीच सांगा."

"मी सांगेन," ती म्हणाली. "सगळं सांगेन. ह्यांचा काही भरवसा नाही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खाली उतरताना चष्मेवाल्याने विचारलं, "काय, कशी आहे तब्येत?" घार म्हणाला, "एकदम मस्त!" आणि त्याच वेळी त्याचा पंजा तिच्या खांद्यात रुतला होता.

सुनावणीपर्यंतचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. घरमालकाने सांगून ठेवलं होतं की भत्त्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो, पुढे नाही. अपील हरलं तर जायचं कुठे, याचं उत्तर नणंदेकडे तयार होतं. तिच्या घराला मागच्या बाजूला एक खोली होती. कपडे धुण्याचं यंत्र तिथेच असायचं आणि खोलीला खिडकी नव्हती. दिवा गेला तर त्या खोलीत आपला नवरा कसा उभा राहील, या विचाराने भरदिवसा दुकानात शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिचं लक्ष उडायचं. शिवण वाकडी जायची, मग ती उसवायची, आणि तोच विचार पुन्हा सुरू व्हायचा.

नणंद भेटायला आली ती बसायच्या आधीच सुरू झाली. "माझा भाऊ उभा आहे, चालतोय, बोलतोय. तू मात्र त्याला अपंग ठरवायला वकील लावलास!"

"ताई, वकील मोफत आहे."

"मोफत मिळतंय म्हणून काहीही घ्यायचं?"

"ताई, ते अंघोळ करताना..."

"ए," घार मध्येच म्हणाला, "पुरे."

नणंद गेल्यावर तिने त्याला समोर बसवून पुन्हा उजळणी घेतली. "समजा त्यांनी विचारलं, बाहेर एकटे जाता का?"

"जातो की."

"अहो, कधी गेलात एकटे?"

"जाईन म्हटलं तर जाईन."

"असं सांगणार तिथे?"

"अगं, मग काय रडू त्यांच्यासमोर?"

तिने कपाळावर हात मारला. आपण आहोत म्हणून बरं, असं तिला मनातून वाटलं. हे बोलले नाहीत तरी आपण बोलू. काय काय सांगायचं ते तिने पाठ केलं. मशीन चालवताना ओठ हलवत म्हणायची, ते बघून शेजारची कारागीर म्हणाली, "काय गं, देवाला फोन लावतेस का?"

सुनावणीची खोली तळमजल्यावर होती. पायांखाली जाडजूड मऊ गालिचा होता. त्यावर पाऊल टाकताच घार अडखळला आणि त्याने चटकन दाराची चौकट धरली. पण मंडळाचे तिघे कागदांत डोकं घालून बसले होते, त्यामुळे ते कोणी पाहिलंच नाही. बायकोला हळहळ वाटली, आणि नवरा अडखळलेला कोणी पाहिला नाही म्हणून आपण हळहळतोय याची लाजही वाटली.

मधोमध अध्यक्षबाई होत्या. त्यांच्या एका बाजूला पांढऱ्या दाढीचे डॉक्टर होते आणि दुसऱ्या बाजूला सगळं लिहून घेणारे एक सदस्य. आधी घारीला विचारलं.

"बाजारहाट तुम्ही करता?"

"करतो की. म्हणजे, जातो बरोबर."

"जिना चढता येतो?"

"हळूहळू येतो."

"चक्कर येते?"

"चक्कर अशी नाही. जरा हलतं."

वकीलबाईंचं पेन टेबलावर टकटक करू लागलं. सदस्य लिहीत राहिले. बायकोला वाटलं, प्रत्येक उत्तरागणिक घराची एकेक वीट निघतेय. मग अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"तुम्ही सांगा. अंघोळीसारख्या गोष्टींत यांना कोणाची मदत लागते का?"

हाच तो प्रश्न होता. याचंच उत्तर तिने घोकलं होतं. तिने तोंड उघडलं आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लालभडक झाले होते. ज्याच्याकडे मान वर करून बघायची सगळ्या बंदराला सवय, तो माणूस तीन अनोळखी लोकांसमोर टेबलाच्या कडेवर नख घासत होता.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही. ते सगळं स्वतःचं स्वतः करतात."

शब्द बाहेर पडून गेले होते. तापानंतर बंदरातल्या मुकादमाचे फोन यायचे तेव्हाही ती हेच म्हणायची, जरा कणकण आहे, उद्या येतील. तिच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. वकीलबाईंचं पेन थांबलं. सदस्यांनी मात्र उत्तर लिहून घेतलं आणि कागद उलटला.

"ती खोटं बोलतेय," घार म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"माझ्यासाठी बोलतेय. रोज ती दाराबाहेर उभी असते. दाराला मी कडी लावत नाही. दोनदा तिने मला ओला तसाच उचललाय. तिची पाठ बघा, वाकून वाकून दुखते." हे बोलताना तो कोणाकडेच बघत नव्हता.

डॉक्टर पुढे झुकले. "मग आमच्या डॉक्टरांनी तुमचा तोल चांगला, असं का लिहिलं?"

"कारण मी पास झालो."

"म्हणजे?"

"पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा मागे टेबल होतं. पोटरी त्याला हलकेच टेकवायची. बघणाऱ्याला कळत नाही. आमच्याकडे नवीन चालक आला की जुने लोक त्याला आधी हेच शिकवतात. तेव्हा मला त्याची गरज नव्हती. आता आहे."

"एवढ्याशा टेकण्याने तुम्ही उभे राहता?"

"बोट टेकलं तरी राहतो. बाजूला काहीतरी आहे एवढं अंगाला कळलं की पुरे." तो उठला. टेबलापासून, खुर्चीपासून, बायकोपासून लांब, खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "इथे काहीच नाही."

"त्याची गरज नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही." पण त्याने पाय जुळवले होते. डॉक्टर घाईघाईने उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. वकीलबाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

त्याने डोळे मिटले.

बायकोने त्याला पडलेला पाहिलं होतं, पडताना कधीच नाही. मध्ये नेहमी दार असायचं. तिला वाटत होतं तो झोकांड्या खाईल, हात मारेल, काहीतरी धरायला बघेल. तसं काहीच झालं नाही. तो एखाद्या खांबासारखा, सबंधच्या सबंध मागे कलत गेला. चेहरा अगदी शांत होता. आपण पडतोय हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. तिच्या तोंडून आवाज फुटला तेव्हा तो डॉक्टरांच्या हातांत होता आणि त्याच्या वजनाने डॉक्टर गुडघ्यावर आले होते.

त्याने डोळे उघडले. "पडलो का?" त्याने विचारलं.

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. तिघं बाकावर बसली. "मागच्या डॉक्टरला फसवलं, असं धरतील का हो आता?" तिने वकीलबाईंना विचारलं.

"धरू शकतात," वकीलबाई म्हणाल्या. खोटा दिलासा द्यायची त्यांना सवय नसावी. "पण भत्ता मिळू नये म्हणून फसवणारा माणूस मी तरी आजवर पाहिलेला नाही. त्यांनीही पाहिला नसेल."

घार हातांचे तळवे मांडीवर ठेवून बसला होता. "तू कशाला तसं म्हणालीस?" तो हळूच म्हणाला.

"तुमच्याकडे बघितलं म्हणून."

दार उघडलं की ती मान वर करायची. शिपाई कागद घेऊन जायचा आणि दार परत बंद व्हायचं. तिला खिडकी नसलेली ती खोली दिसायला लागली. यंत्र कुठल्या भिंतीला आहे, पलंग कुठे बसेल, रात्रभर दिवा चालू ठेवला तर नणंद काय म्हणेल.

आत बोलावल्यावर अध्यक्षबाईंनी वेळ लावला नाही. अपील मान्य झालं होतं. भत्ता अर्जाच्या दिवसापासून मिळणार होता. बायकोला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. वकीलबाईंनी तिचा दंड दाबला तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या आहोत आणि आता बसलं तरी चालेल.

"आणखी एक," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या निर्णयाची प्रत बंदराकडे जाईल. क्रेन चालवण्याचा तुमचा परवाना अजून चालू दिसतो. तो रद्द होईल."

"म्हणजे पुढच्या तपासणीला..." घार म्हणाला.

"तपासणीला तुम्हाला आता बोलावणार नाहीत."

"एकदाही?"

"नाही."

त्याने मान हलवली. डॉक्टरांनी समोरचा कागद नीट केला. बायको नवऱ्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की हा अडून बसलाय तो अभिमानाने. लाज वाटते म्हणून चांगलं चांगलं सांगतो. पण हा पुन्हा क्रेनवर चढायची वाट बघत होता. ताप आल्यापासून एक दिवसही त्याने ती आशा सोडली नव्हती, आणि त्या सरकारी डॉक्टरसमोर पोटरी टेकवून तो भत्त्याच्या तपासणीत पास झालाच नव्हता. तो त्याच्या कामाच्या तपासणीत पास झाला होता.

बाहेर वकीलबाई शिंकत शिंकत अभिनंदन करून दुसऱ्या सुनावणीला पळाल्या. दाराबाहेर ऊन लख्ख होतं. घार पायरीवर थांबला, डोळ्यांना सवय होईपर्यंत. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती, कोणीतरी "बाजूला व्हा जरा" असं म्हणून गेलं.

"घर राहिलं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "घर राहिलं."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला. तो आपणहून पाऊल टाकेपर्यंत ती तशीच उभी राहिली.